रांजण पुन्हा भरूया

एप्रिल-मेमधल्या एखाद्या सोमवारी आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तासभर थांबा. बाकावर जागा मिळणार नाही, भिंतीला टेकून उभं राहावं लागेल. कंबरेवर मूठ दाबून येरझारा घालणारा तरुण दिसेल. जुने रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले काका दिसतील. आणि कानावर बोलणं पडेल. "तुमचा किती एमएमचा?" "माझा पाचचा. तुमचा?" "माझे तर दोन्हीकडं आहेत." जणू पोरांच्या दहावीच्या मार्कांची चौकशी चाललीय.

मुतखडा आपल्याकडं इतका घरचा झालाय. आपण त्याला हसतोसुद्धा. मीही हसलोय. माझा सहा मिलिमीटरचा होता आणि त्या रांगेत मी तो आकडा बऱ्यापैकी ऐटीत सांगितला होता.

मग माझ्या शेजारच्या माणसाला आतून बोलावणं आलं. वय चाळिशीच्या आतलं. दोन वर्षांपूर्वी डाव्या कुशीत कळ आली होती. सुई घेतली, कळ थांबली, ते पुन्हा कामाला लागले. आता भलत्याच कारणासाठी तपासायला आले होते. बाहेर आले ते हातातला कागद उलटसुलट करत. डावी किडनी सुकून गेली होती. "पण दुखत नव्हतं ना मला," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्या वाक्यापायी हे लिहायला बसलोय. उन्हाळा तोंडावर आलाय. आपल्या घरातली, आळीतली, शेतावरची मूत्रपिंडं आपल्याला वाचवायची आहेत, आणि ती वाचवता येतात.

खडा होतो कसा, हे समजायला पेलाभर पाणी आणि मूठभर मीठ पुरे. मीठ टाकत राहा, ढवळत राहा. थोड्या वेळानं मीठ विरघळेनासं होतं आणि तळाशी बसतं. लघवीतही तेच घडतं. शरीर कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड बाहेर टाकत असतं. पाणी भरपूर असेल तर सगळं वाहून जातं. घामानं पाणी उडालं आणि वरून प्यायलं नाही, तर आधी स्फटिक धरतो, मग कण, मग खडा. दहातले सात-आठ खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक ॲसिडचे, काही जंतुसंसर्गातून वाढणारे.

किती जणांना होतो हा? रुग्णालयाच्या रांगेवरून गावाचा हिशेब मांडता येत नाही, कारण रांगेत दुखणारेच येतात. न दुखणारे खडे घरीच असतात. त्यासाठी लोकांमध्ये जाऊन पाहणी करावी लागते, आणि ती वर्षानुवर्षं करावी लागते. अमेरिकेनं ती केली. १९७६ ते १९८० च्या पाहणीत तिथल्या ३.८ टक्के प्रौढांना कधी ना कधी मुतखडा झालेला आढळला. १९८८ ते १९९४ मध्ये ५.२ टक्के. २००७ ते २०१० मध्ये ८.८ टक्के, म्हणजे अकरा जणांत एक. तीस वर्षांत दुपटीहून जास्त! आपले उन्हाळे त्यांच्याहून कडक. चंद्रपूर, अकोला, जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, हरियाणा, पंजाब या पट्ट्याला डॉक्टरमंडळी ‘स्टोन बेल्ट’च म्हणतात. आणि हा आजार गाठतो तो बहुधा विशी ते पन्नाशीच्या दरम्यान, ऐन कमावत्या वयात.

घाबरून जायचं कारण नाही. एक मुतखडा आपण याआधी हरवलेला आहे.

ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. १८५८ च्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’तली चित्रं त्याची. त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला. इथले मुतखडे त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८७३ मध्ये त्यांच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. त्या काळी हिंदुस्थानात मूत्राशयातल्या खड्यांचा मोठा सुळसुळाट होता आणि त्याचे बळी बरेचदा लहान मुलं असत. गरिबाघरची, नुसत्या धान्यावर वाढणारी पोरं. दूध नाही, डाळ पुरेशी नाही. जुलाबानं अंगातलं पाणी गेलेलं.

आज लहान मुलाच्या मूत्राशयात खडा सापडला तर डॉक्टर चार सहकाऱ्यांना बोलावून दाखवतील, इतका तो दुर्मीळ झालाय. तो काही शस्त्रक्रियांनी गेला नाही. पोरांच्या ताटात दूध, डाळ, अंडं आलं, तसा तो गेला. स्वयंपाकघरानं एक दुखणं हद्दपार केलं!

आता मूत्रपिंडातला, मोठ्यांचा खडा वाढतोय. त्याच्यामागं वजन आहे, साखरेचा आजार आहे, खारट खाणं आहे, कुणाच्या घराण्यातच तो आहे. पण सगळ्यांत पुढं उभं आहे ते पाणी. इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेले १९९ रुग्ण घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी पाहिलं, तर दुसऱ्या गटात २७ जणांना पुन्हा खडा झाला होता आणि पाणी पिणाऱ्यांत १२ जणांना. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. औषध कुठलं? साधं पाणी. खडा एकदा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत तो पुन्हा गाठतो, हे लक्षात घेतलं तर या साध्या पाण्याची किंमत कळते.

पाणी किती प्यायचं? दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी, हा डॉक्टरांचा हिशेब. घरात सावलीत बसणाऱ्याला त्यासाठी तीन तांबे पाणी पुरेल, उन्हात राबणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त लागेल. मोजत बसायचं नसेल तर रंग बघा. वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखा गडद झाला तर तुम्ही तहानलेले आहात, तुम्हाला तहान लागलेली असो वा नसो. (ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा किडनी आधीच थकलेली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तांबे वाढवू नयेत.)

इथपर्यंत सगळं सोपं आहे. "भरपूर पाणी प्या" हे वाक्य प्रत्येक केसपेपरवर लिहिलेलं असतं.

पण ते प्यायचं कुठं आणि मग जायचं कुठं?

ऊसतोडीला गेलेल्या बाईला विचारा. पहाटे चारला फडात. पाण्याचा कॅन बैलगाडीजवळ, ती पाचशे पावलं लांब. आडोसा नाही. ती पाणी पीतच नाही, अंधार पडेपर्यंत. एसटीच्या महिला वाहकाला विचारा. स्टँडवर स्वच्छतागृह असतं, पण त्याची कडी मोडलेली असते. सातवीतल्या मुलीला विचारा, डब्याबरोबर नेलेली बाटली भरलेली परत का येते. चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारा, इचलकरंजीच्या मागावरच्या कामगाराला विचारा, कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला विचारा. आपल्या रत्नागिरीहून आखातात गेलेल्या पोराला फोनवर विचारा. पाणी प्यायला हवं हे यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. माहिती कमी पडत नाही, सोय कमी पडते.

म्हणून मला मुतखडा हा एकट्याच्या सवयीचा आजार वाटत नाही. तो गावाच्या मांडणीचा आजार आहे. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी केली, तेव्हा नाव ऐकून अनेकांनी तोंडावर रुमाल धरला होता. मला तर ती आरोग्याची चळवळ वाटते. ज्या गावात बाईला निर्धास्त लघवीला जाता येत नाही, त्या गावात तिला "पाणी पी" म्हणून सांगणं ही थट्टा आहे.

आणि जे होतं तेही आपण हळूहळू घालवलं. पाडवा झाला की स्टँडसमोर, पारावर, देवळाच्या कोपऱ्यावर पाणपोई लागायची. वाळूवर मांडलेला रांजण, त्याला गुंडाळलेलं ओलं लाल फडकं, लांब दांड्याचं ओगराळं आणि ओंजळ पुढं करणारा कोणीही. जात न विचारणाऱ्या पाणपोया सगळीकडं होत्या असा माझा दावा नाही, महाडच्या तळ्याचा इतिहास आपण विसरलेलो नाही. पण जिथं त्या सगळ्यांसाठी होत्या तिथं त्या गावाची शान होत्या. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेला घट दान द्यायची आपली रीत. खानदेशात आखाजीला घागर पूजली जाते. उन्हातून आलेल्या पाहुण्यासमोर आधी गूळ-पाणी यायचं. आता आधी चहा येतो, तोही उकळून उकळून काळा केलेला, आणि पाणी मागावं लागतं.

मग वीस रुपयांची बाटली आली आणि रांजण कोरडे पडले. ज्याच्याकडं वीस रुपये आहेत तो पितो. ज्याच्याकडं नाहीत तो पुढच्या गावापर्यंत थांबतो. दिवसभरात तीनदा थांबतो. उन्हाळाभर थांबतो. त्याच्या किडनीत काय साचत असेल, ते आपण वर पाहिलंच.

पाण्याबद्दल आणखी एक. "आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून खडे होतात," असं गावोगाव ऐकू येतं. पाणी जड असल्यानं होणारा फरक, पाणी कमी प्यायल्यानं होणाऱ्या फरकापुढं फार लहान आहे. आरओ बसवायला पैसे नाहीत म्हणून कमी पिणं हा उलटा व्यवहार झाला. अपवाद मोठा आहे आणि तो ठासून सांगायला हवा. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी घशाखालीच उतरत नाही, इतकं खारं असतं. तिथल्या मूत्रपिंडविकारांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तिथल्या माणसाला गोडं पाणी नळानं मिळणं हाच पहिला उपचार आहे, आणि ती मागणी एकट्या खारपाणपट्ट्याची राहू नये. पुण्या-मुंबईकरांनीही ती आपली म्हणावी.

खाण्याबद्दल थोडकंच. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, ही बिचाऱ्या टोमॅटोची नाहक बदनामी आहे. पालक मात्र रोज ताटभर खाऊ नये, त्यात ऑक्झलेट खरंच भरपूर असतं. सगळ्यांत घातक गैरसमज दुधाचा. खडा कॅल्शियमचा म्हणून लोक दूध-दही-ताक बंद करतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, किडनीपर्यंत जाऊ देत नाही. दूध तोडलं की उलट ऑक्झलेट मोकळं सुटतं. तोडायचं असेल तर मीठ तोडा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे लहान चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा यांतच तो संपतो. लिंबू भरपूर पिळा, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. हुलग्याचं माडगं, कुळथाची पिठी आवडीनं खा. पानफुटीचं पान चघळणाऱ्या आजीशी भांडू नका. फक्त या सगळ्याच्या भरवशावर सोनोग्राफी टाळू नका. आणि "बिअर प्या, खडा पडतो" असा सल्ला देणारा मित्र औषध सांगत नसून सोबत शोधत असतो.

आता त्या रांगेतल्या माणसाकडं परत जाऊ. त्याचं वाक्य मला सोडत नाही.

कळ येते ती खडा मूत्रनलिकेत अडकला, मागं लघवी तुंबली, मूत्रपिंड ताणलं गेलं म्हणून. पाच मिलिमीटरच्या आतले बरेच खडे आपोआप पडतात. पण कधी खडा तिथंच राहतो आणि कळ मात्र विझते. तुंबलेलं मूत्रपिंड कामच कमी करतं, म्हणून ताण कमी होतो. आपण समजतो, सुटलो! वाट पूर्ण बंद असेल तर काही आठवड्यांतच कायमचं नुकसान सुरू होतं, आणि ते बिनबोभाट होतं. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही. हे एक वाक्य आपण प्रत्येक औषधाच्या दुकानाशेजारी, प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवून घेऊया. पहिल्या कळेनंतर महिन्याभरात पुन्हा सोनोग्राफी करायलाच हवी, दुखो न दुखो. दुखणं मारणाऱ्या गोळ्या मनानं घेत राहायचं नाही, थकलेल्या किडनीला त्या आणखी थकवतात. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा माणसाला एकच किडनी असेल, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी काढायची.

एक फार साधी गोष्ट करता येते. खडा पडायच्या बेतात असेल तर चहाची जुनी गाळणी घ्या आणि तिच्यातून लघवी गाळा. खडा सापडला तर किळस बाळगू नका, काडेपेटीत ठेवा आणि डॉक्टरांकडं न्या. तो कशाचा आहे हे कळलं की पुढचा खडा टाळायची वाट कळते.

दुसरी गोष्ट नळीची. खडा दुर्बिणीनं काढल्यावर पुष्कळदा मूत्रनलिकेत एक बारीक मऊ नळी ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली. डॉक्टर तिला डीजे स्टेंट म्हणतात, गावात "आत नळी टाकलीय" म्हणतात. ती काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत काढायची असते. पण माणूस बरा होतो, घरी जातो, तोडीला जातो, भट्टीवर जातो. बाहेरून काही दिसत नाही. नळी विसरली जाते. वर्ष जातं, दोन वर्षं जातात, त्या नळीवरच खडे चढतात, आणि एका साध्या शस्त्रक्रियेच्या जागी तीन अवघड शस्त्रक्रिया येतात. कधी किडनीच जाते. शिकलेसवरलेलेही विसरतात, बरं का. यात दोष कुणा एकाचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण ते घाईत सांगितलेलं असतं आणि वेदनेत ऐकलेलं असतं.

नळी काढायची तारीख गावाला लक्षात ठेवता येईल. आशाताई गरोदर बाईची तारीख चुकवत नाहीत. त्यांच्यावर आधीच ओझं फार आहे, हे मान्य. म्हणून त्यांना नवं रजिस्टर देण्याऐवजी आपणच मदत करूया. गावातल्या मंडळानं, बचत गटानं एक वही ठेवावी. कुणाला नळी टाकली, काढायची कधी. कारखान्याच्या मुकादमाला सांगता येईल. फोनमध्ये गजर लावून देणारा नातू घरोघर आहे.

पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाची पाटी शोधा आणि रेशनकार्ड घेऊन त्याच्यासमोर बसा. नाशिक आणि अमरावतीला राज्याची विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयं अशा कामांसाठी उभी आहेत. किडनी गेल्यावर डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा एसटीनं जाण्यापेक्षा वेळेत एकदा तिथं जाणं कधीही स्वस्त. रुग्णालयांनाही आपलं एक मागणं असावं. मुतखड्याचे किती रुग्ण आले, कुठल्या तालुक्यातून, काय काम करणारे, याची गोळाबेरीज दर उन्हाळ्यानंतर जाहीर करा. केसपेपरांत हे सगळं पडून असतंच. ते मांडलं गेलं तर पाण्याचा टँकर आणि शौचालयाचा निधी कुठल्या रस्त्यानं जायला हवा, ते नकाशावर दिसेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला होता. आपल्या गावात तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायला कुठलीही पदवी लागत नाही.

शाळांचं काम तर एका घंटेचं आहे. केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये ‘पाण्याची घंटा’ सुरू केली. दिवसातून ठरावीक वेळा घंटा होते, सगळी मुलं एकदम बाटल्या काढतात आणि पितात. आपल्या शाळेतही ती वाजू शकते. फक्त घंटेच्या आधी मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि नळ तपासा. नाहीतर बाटल्या पुन्हा भरलेल्याच घरी येतील. आमच्याकडच्या शाळेत पालकांपैकी एक सुतार होते. त्यांनी अर्ध्या तासात तीन कड्या बसवल्या, चहासुद्धा घेतला नाही. पाणी घेतलं.

आमच्या आळीनं यंदा ठरवलंय. पाडव्याला स्टँडबाहेरच्या कडुलिंबाखाली दोन रांजण मांडायचे. कुंभारानं एकाचेच पैसे घेतले. शेजारच्या हॉटेलवाल्यानं त्याचं स्वच्छतागृह वाटसरूंना, विशेषतः बायकांना, खुलं ठेवायचं कबूल केलंय, तशी पाटीही रंगवून झाली. रांजण रोज पहाटे घासून भरायचे, फडकं ओलं करायचं, ओगराळं बदलायचं. त्यासाठी सात घरांच्या पाळ्या लावल्यात. सोमवार मी घेतलाय. गुरुवारची पाळी अजून रिकामी आहे.